बुसानच्या न्हाणीघरात

शुक्रवार

सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने बुसानला यायला अडीच-पावणेतीन तास लागतात. स्टेशनवर मेट्रोची एक नंबरची लाइन धरली की ती थेट उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, भाचीच्या विद्यापीठापर्यंत आणून सोडते. बुसान नॅशनल युनिव्हर्सिटीत ती पीएचडी करतेय आणि जवळच चांगजॉन-दोंगमध्ये एका खोलीत राहतेय. या प्रकाराला तिथे वन-रूमच म्हणतात. गादी, टेबल, ओटा, वॉशिंग मशीन, सगळं त्या एका खोलीत. बाथरूम इतकं चिंचोळं की शॉवर सुरू केला की कमोड आणि बेसिनचीही अंघोळ होते. बादली ठेवायला जागा शोधूनही सापडली नाही.

नोव्हेंबरअखेरचा गारठा होता आणि मला कढत पाणी अंगावर घ्यायची तलफ आली होती. "आज शॉवरवर भागव मावशी, उद्या सकाळी तुला खऱ्या अंघोळीला नेते," असं म्हणून तिने खिडकीचा पडदा सरकवला. समोरच्या गल्लीत चार मजली साधीशी इमारत, तिच्या डोक्यावर विटांचं उंच धुरांडं. धुरांड्यावर उभी कोरियन अक्षरं आणि दाराशी लाल रंगात एक खूण: वाडग्यासारखा अर्धगोल आणि त्यातून वर जाणाऱ्या तीन नागमोडी वाफा. ही खूण दिसली की समजायचं, आत मोग्योकथांग आहे, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. पूर्वी यांचे बॉयलर तेलावर चालायचे, तेव्हा धूर उंचावर सोडायला धुरांडी बांधली. आता गॅस आला. धुरांडं पाडायचं तर खर्च, म्हणून ती नुसती उभी आहेत. बुसानच्या जुन्या वस्त्यांत मान वर करून चाललं की अशी बरीच दिसतात.

"पोहायचा कॉस्च्यूम लागेल का?" मी विचारलं.

"चालतच नाही. काहीच घालायचं नसतं. कुणीच घालत नाही."

माझी आजी बंद न्हाणीतसुद्धा परकर छातीशी बांधून अंघोळ करायची. आईचंही तेच. आम्ही बहिणी त्या मानाने पुढारलेल्या, पण आमचा पुढारलेपणा दाराला कडी लागल्यानंतरचा. रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही. जेट लॅग असणार, असं भाचीला सांगितलं.

शनिवार

सात वाजता गेलो तर गल्लीतल्या बायकांची पहिली खेप आंघोळून बाहेरही पडत होती. लाल गाल, ओले केस, हातात प्लास्टिकची जाळीदार परडी. तळमजल्यावर काचेची छोटी खिडकी, आत बसलेली बाई. भाची तिला 'इमो' म्हणते, म्हणजे मावशी. इथे ओळखीच्या दुकानदारणींना सगळे तसंच म्हणतात. आठ-आठ हजार वॉन दिले, म्हणजे आपले पाचेकशे रुपये. इमोने प्रत्येकी दोन टॉवेल मोजून दिले. टॉवेल कसले, नॅपकिनच. पुरुषांच्या मजल्यावर म्हणे टॉवेलांच्या चळती लावलेल्या असतात, हवे तितके घ्या. बायकांना मात्र मोजून दोन, कारण बायकांकडचे टॉवेल परत येत नाहीत असा मालकांचा जुना अनुभव आहे. भाचीला या गोष्टीचा मनस्वी राग येतो. मला मालकांचंही थोडं पटलं, पण मी गप्प बसले.

चपला-बुटांचं कपाट वेगळं, कपड्यांचं वेगळं. किल्ली प्लास्टिकच्या वेटोळ्यात, ती मनगटात किंवा घोट्यात अडकवायची. पुढे सगळा वेळ अंगावर तेवढीच एक वस्तू असते. कपडे बदलायच्या खोलीत जमीन खालून गरम केलेली, मधोमध लाकडी पाट-बैठक, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर बातम्या सांगणारा टीव्ही, पैसे टाकून चालणारे हेअर ड्रायर. एका भिंतीला फळ्यांवर पंचवीस-तीस परड्या ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर मार्करने नाव. महिन्याचा पास काढून रोज येणाऱ्या बायकांच्या त्या. त्यांचं सामान इथेच मुक्कामाला असतं.

भाचीने बोलता बोलता कपडे उतरवले आणि कपाट लावून टाकलं. तिच्या लहानपणी मीच तिला न्हाऊ घातलंय, तरी मी नजर वजनकाट्यावर ठेवली. मग माझी पाळी. तो टॉवेल पुढे धरावा तर मागचं उघडं, मागे धरावा तर पुढचं. शेवटी खांद्यावर टाकला आणि काचेचं दार ढकललं.

आत वाफ, पाण्याचा आवाज, पांढऱ्या-निळ्या फरशा आणि बायका. वीसेक तरी असतील. एकीनेही मान वळवली नाही असं म्हणणार नाही. एका परदेशी बाईकडे जेवढं बघतील तेवढं दोघी-तिघींनी बघितलं, पण चेहऱ्याकडे. मग जो तो आपापल्या कामाला लागला. हो, कामालाच. एक जण टाच घासतेय, एक केसांना काहीतरी फासून बसलीय, एक नातीचे कान धुतेय. इतक्या कामात असलेल्या माणसांसमोर लाजत उभं राहणं हेच विचित्र दिसत होतं. पाच-सात मिनिटांत माझी लाज कुठे गेली ते मलाही कळलं नाही.

लाज गेल्यावर डोळे उघडले. पन्नाशी ओलांडली तरी मी म्हातारी शरीरं कधी पाहिलीच नव्हती, हे तिथे लक्षात आलं. आईचं पाहिलं ते शेवटच्या आजारपणात अंग पुसताना, तेही चादर वर-खाली करत. इथे सगळं उजेडात होतं. सिझेरियनचे आडवे-उभे व्रण, गुडघा बदलल्याची लांब सरळ रेघ, पोटाच्या घड्या, वाकलेल्या पाठीचे मणके. एक सत्तरीची बाई होती, तिच्या डाव्या बाजूला स्तनाच्या जागी नुसती सपाट शिवण. ती शेजारणीशी तावातावाने बोलत होती. काय चाललंय म्हणून भाचीला विचारलं, तर कोबीचा भाव. नोव्हेंबर म्हणजे घरोघरी हिवाळ्याची किमची घालायचे दिवस, किमजांग. शंभर बोलण्यांतली ऐंशी कोबी, मिरची आणि मिठाची.

आणि हे सगळं त्या कान धुवून घेणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलीसमोर. बाईचं शरीर पुढे कसकसं होत जातं हे तिला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. मला ते मासिकातल्या गुळगुळीत फोटोंवरून आणि डॉक्टरच्या तक्त्यावरून शिकावं लागलं होतं. (मुलगे मात्र फार लहान असतील तरच आईबरोबर. पूर्वी ही सवलत थोडी मोठ्या मुलांनाही होती. २०२२ पासून चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने बाबांबरोबर जायचं.)

रीत अशी. आधी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, समोरच्या नळा-शॉवरखाली अंग स्वच्छ धुवायचं. केस बांधायचे. मगच कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुंडावर लाल आकड्यांत तापमान दिसतं: एक चाळिशीच्या आसपास, दुसरं त्रेचाळीस-चव्वेचाळीस आणि पलीकडे थंड पाण्याचं. चाळीसच्या कुंडात मी सुखाने बसले. त्रेचाळीसच्यात पाऊल टाकलं आणि काढलं. त्यात तीन आज्या गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसल्या होत्या. मधूनच एक उठायची, सरळ थंड कुंडात शिरायची, हात-पाय झाडायची आणि परत कढत पाण्यात. आपल्याकडे या वयात "पाणी बाधेल" म्हणून किती जपतो.

वीस मिनिटं भिजल्यावर बोटांना सुरकुत्या आल्या. मग भाचीने परडीतून हिरवी खरबरीत थैली काढली आणि हातात चढवली. हिला 'इटली टॉवेल' म्हणतात. वस्तू अस्सल कोरियन, साठच्या दशकात याच बुसानमध्ये तयार झाली. इटलीचं नाव चिकटलं ते कापडामुळे. साबण अजिबात लावायचा नाही, साबणाने हात घसरतो आणि मळ निघत नाही. थैली पिळून, हात ताठ करून, एकाच दिशेने लांब लांब घासायचं. आधी काही दिसेना. मग खोडरबराचा चुरा पडावा तशा करड्या वळ्या दंडावरून सुटायला लागल्या. मी रोज दोनदा अंघोळ करणारी, दिवाळीत वज्रीने टाचा घासणारी बाई. पाहून अक्षरशः ओशाळले. भाची म्हणाली, "सगळ्यांचंच निघतं. न निघणाऱ्याला इथे आजारी समजतात." ती थट्टा होती की खरं, देव जाणे.

पाठीचं काय? बुसान आणि आसपासच्या भागात त्यासाठी यंत्र असतं, सोलकडच्या लोकांना याचं भारी नवल वाटतं. भिंतीला लावलेली गोल तबकडी, तिच्यावर तोच हिरवा कपडा ताणलेला, समोर स्टूल. बटण दाबलं की तबकडी गरगर फिरते. आपण पाठ टेकवून वर-खाली, डावी-उजवी सरकायचं. माझ्या आधी एक काकू तिथे पाठ घासताना इतक्या तंद्रीत गेल्या होत्या की त्यांना उठवायला नको वाटलं. मी बसले तेव्हा पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या, मग भाजलं, मग बरं वाटलं.

बाहेर येऊन फ्रिजमधून केळ्याच्या चवीचं दूध घेतलं. १९७४ पासून बिंग्रे कंपनी हे विकते, बाटलीचा पोटाळ आकार जोसन राजवटीच्या काळातल्या चिनी मातीच्या गोल रांजणावरून घेतलेला. अंघोळीनंतर मुलांना हे पाजायचं, हा दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता. चव आपल्या शिकरणाच्या जवळही जात नाही, पण त्या वेळी एका दमात संपवलं.

रविवार

एक स्टेशन अलीकडे ओन्चनजांग. नावातच गरम पाण्याचे झरे आहेत. हा तोंग्ने भाग सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या काळापासून या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. लंगडणारा बगळा इथल्या पाण्यात उभा राहून बरा झाला, ते पाहून पाय दुखणारी म्हातारी उतरली, तीही बरी झाली, अशी इथली दंतकथा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्या माणसाला यात नवल नाही. जपानी अमलात इथे हॉटेलं आणि ट्राम आली. आज रस्त्यालगत पाय बुडवून बसायचं फुकट कुंडही आहे.

आम्ही गेलो ते हॉशिमछॉंगमध्ये. १९९१ साली उघडलेलं अवाढव्य प्रकरण, वर काचेचा घुमट, खाली झऱ्याच्या पाण्याची निरनिराळी कुंडं, आणि त्याच इमारतीत बिअरचा हॉल. रविवार असल्याने आजी, आई, नात अशा तिन्ही पिढ्या. कालच्या गल्लीतल्या ठिकाणापुढे हे जरा लग्नाच्या हॉलसारखं. पाणी मात्र वेगळं. अंगावरून ओघळतं तेव्हा त्वचा गुळगुळीत लागते.

आज सेशिन करून घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे पैसे देऊन अंग घासून घेणं. ते करणाऱ्या बाईला सेशिनसा म्हणतात. कोपऱ्यात गुलाबी रेक्झिनची उंच टेबलं, आणि त्या बायका काळ्या अंतर्वस्त्रांत. तोच त्यांचा गणवेश. आपल्या किल्लीचा नंबर त्यांना सांगून ठेवायचा आणि कुंडात भिजत बसायचं. मऊ व्हायला वेळ दिलेला त्यांना आवडतो. पाऊण तासाने माझा नंबर पुकारला. भाचीने ढकललं.

बाई माझ्याच वयाची, दंड पैलवानाचे. एक तांब्या (तिथे मोठा वाडगा) कढत पाणी टेबलावर, एक माझ्यावर, आणि दोन्ही हातांत थैल्या. मान, खांदे, दंड, काख, बोटांच्या बेचक्या. काखेपाशी मी आक्रसले तर तिने हात उचलून परत डोक्यावर नेऊन ठेवला, शिंप्याने माप घ्यावं इतक्या निर्विकारपणे. कूस बदलायची वेळ आली की मांडीवर दोन थापट्या. शब्द नाहीत. डावी कूस, पालथी, उजवी कूस. काल उघडं व्हायला मला पाच मिनिटं लागली होती. दुसऱ्याच्या हाती अंग सोपवायला मात्र घासण्याचा निम्मा वेळ गेला. माझ्या पायाला शेवटचा दुसऱ्या कुणाचा हात लागला तो बाळंतपणात मालीश करणाऱ्या बाईचा. तेव्हापासून अंगाची सगळी उस्तवार मी एकटीच करतेय, आणि या बाईला ती माझ्यापेक्षा चांगली जमते, हे टेबलावर पडल्या पडल्या कळत होतं.

मधूनच तिने निघालेला ढीग हाताने दाखवला. अभिमानाने. मग पाणी ओतून सगळं वाहवून दिलं, साबणाचा फेस फासला, खांदे चेचले आणि पाठीवर शेवटची सणसणीत थाप. पंचवीस-तीस हजार वॉनला हे पडतं, पैसे रोख. दिवसभर वाफेत उभं राहून ओणव्याने हे काम करायचं म्हणजे कंबर आणि मनगटं किती टिकत असतील! "इन्दो?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने अंगठा वर केला आणि पुढचा नंबर पुकारला.

रात्री चादर अंगाला लागली तरी जाणवत होती.

सोमवार

भाची प्रयोगशाळेत. मी बसने बॉमॉसा देवळात जाऊन आले, सातव्या शतकातलं बौद्ध मंदिर, झाडं पिवळी-लाल झालेली, गर्दी भरपूर. फोटो सगळ्यांकडे असतात, वेगळं काय लिहू.

परतताना पायी आले तेव्हा एक बंद मोग्योकथांग दिसलं. धुरांडं तसंच, दाराला साखळी, काचेवर चिकटवलेल्या कागदाची अक्षरं उडालेली. संध्याकाळी भाची म्हणाली, अशी बरीच बंद पडताहेत. घरोघरी गरम पाणी आलं तेव्हा पहिला फटका, मग करोना, मग गॅसची बिलं. शिवाय तिच्या वयाच्या कोरियन मैत्रिणी येतच नाहीत. एकीला ऑफिसातली वरिष्ठ बाई भेटेल अशी भीती वाटते. सोलमधलं १९५८ सालचं हेंगह्वाथांग बंद पडल्यावर काही वर्षं कलाकारांनी नाटकं-प्रदर्शनांसाठी वापरलं, पुढे तेही संपलं. पर्यटकांच्या यादीत मोग्योकथांग आता कुठे येऊ लागलंय, पण गल्लीतल्या इमोचं गॅसबिल त्यावर भागणार नाही. तिला रोज येणाऱ्या त्या तीस परड्याच हव्यात.

मंगळवार

बुसानच्याच सेंटम सिटी भागात शिन्सेगे नावाचं महाकाय डिपार्टमेंट स्टोअर आहे, २००९ सालचं. जगातलं सर्वांत मोठं म्हणून गिनीज बुकातही नोंदलं गेलं. त्याच्या आत स्पा लँड. हा प्रकार चिमजिलबांगचा. कुंडं बायका-पुरुषांची वेगळी, पण त्यानंतर सगळ्यांना टी-शर्ट आणि अर्धी चड्डी देतात आणि पुढे गरम खोल्यांमध्ये सगळे एकत्र. नव्वदच्या दशकात ही टूम देशभर पसरली. साध्या चिमजिलबांगमध्ये रात्रभर झोपताही येतं, शेवटची गाडी चुकलेल्यांचा तो आधार आहे. इथे मात्र ठरावीक तासच बसू देतात.

मिठाची खोली, कोळशाची खोली, बर्फाची खोली, पिरॅमिडच्या आकाराची एक. लोक चटईवर आडवे, फोन तोंडावर. डोक्याला टॉवेलची दोन्ही टोकं गुंडाळून मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करायची पद्धत आहे. २००५ च्या एका टीव्ही मालिकेनंतर ती घराघरात पोहोचली. भाचीने मला करून दिली आणि फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मामांचा पाच मिनिटांत फोन. गरम दगडांत भाजलेली तपकिरी अंडी खाल्ली, त्यांना हलका धुरकट वास येतो, आणि शिखे प्यायले: मोड आलेल्या बार्लीच्या पाण्यात भात मुरवून केलेलं गोडसर थंड पेय, तळाशी शितं. ते फार आवडलं.

पण जागेबद्दल विचाराल तर मला तिथे करमलं नाही. स्वच्छ, सुंदर, सगळं इंग्रजीतही लिहिलेलं, आणि प्रत्येक जण आपल्या फोनमध्ये. कपडे अंगावर आले तसं ते आपलं-आपलं बघणंही आलं. दर गल्लीतल्या ठिकाणाच्या अडीच-तीन पट. ज्यांना उघडं व्हायचा धसका वाटतो त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही, एवढं म्हणेन.

बुधवार

भाचीला मीटिंग होती, म्हणून समोरच्या गल्लीत एकटीच गेले. दुपारची वेळ, आत सहा-सातच बायका. स्टुलावर बसून थैली दंडावर चालवत होते, तोच शेजारच्या आजीने खांद्याला बोट लावलं. ऐंशीच्या असतील. त्यांनी आपली थैली माझ्या हातात दिली आणि पाठ माझ्याकडे केली. यंत्र रिकामं होतं. मी यंत्राकडे बोट दाखवलं, त्यांनी हात झटकला.

पाठ लहानशी, मध्ये वाकलेली, कातडी पातळ. मी हलक्या हाताने सुरुवात केली. त्यांनी मागे वळून माझं मनगट धरलं आणि दाबून दाखवलं: असं. मग मी खांद्यापासून कमरेपर्यंत लांब हात मारले, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, खुब्याच्या वर जिथे स्वतःचा हात पोहोचत नाही तिथे जास्त वेळ. आईला कधी इतकं घासलं असतं तर ओरडली असती. झाल्यावर वाडग्याने पाणी ओतलं. आजींनी मला खांद्याला धरून वळवलं आणि माझी पाठ घ्यायला सुरुवात केली. हाडकुळ्या हातांत एवढा जोर कुठून आला कळेना. पुरे म्हणायचं कसं ते येत नव्हतं, म्हणून पुरतं घासून घेतलं.

बाहेर लाकडी बैठकीवर त्यांनी परडीतून भली मोठी बर्फाच्या कॉफीची बाटली काढली आणि झाकणात ओतून मला दिली. टीव्हीवर हवामान चाललं होतं. आजी बरंच काही बोलल्या, मला त्यातलं 'इन्दो' आणि 'किमची' एवढं समजलं. माझ्या ओल्या केसांकडे बोट दाखवून त्यांनी मान हलवली, पर्समधून शंभर वॉनचं नाणं काढलं आणि स्वतः उठून ड्रायरमध्ये टाकलं. एका नाण्यात माझ्या केसांचा जेमतेम वरचा थर सुकतो. मी खिशातली नाणी चाचपू लागले.